र. धों. कर्वे : लाजेच्या विषयावर बोलणारे गणिताचे प्राध्यापक



थोर व्यक्तींची चरित्रं आपण वर्गात नेहमी सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर तर निबंध, भाषण, फलकलेखन सगळं होतं. पण त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव वर्गात क्वचितच निघतं. त्यांची जयंती १४ जानेवारीला येते आणि तिळगुळाच्या गडबडीत विसरली जाते. खरं सांगायचं तर ती फक्त गडबडीमुळे विसरली जात नाही. त्यांनी आयुष्यभर ज्या विषयावर काम केलं, तो विषय उच्चारायला आपल्याला आजही अवघड वाटतं.

हा लेख मुलांना वाचून दाखवण्यासाठी नाही. तो आधी आपण मोठ्यांनी वाचायचा आहे. आपल्याला नीट समजलं, तरच मुलांना त्यांच्या वयाला पेलेल एवढं सांगता येईल.

जन्म आणि बालपण

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. गाव कोकणातलं मुरूड. योगायोग बघा, त्याच वर्षी तिकडे हॉलंडमध्ये डॉ. ॲलेटा जेकब्स या बाईंनी ॲमस्टरडॅमला गरीब स्त्रियांसाठी दवाखाना सुरू केला. पुढे तिथे संततिनियमनाचा सल्लाही मिळू लागला. ज्या कामात रघुनाथरावांचं आयुष्य जायचं होतं, ते काम जगात दुसरीकडे तेव्हाच सुरू होत होतं.

रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी ही घटना कुणाला वेगळी वाटत नसे. लहान वयात लग्न, मग एकामागून एक बाळंतपणं, आणि त्यातल्याच एकात मृत्यू. घरोघरी हेच चालायचं आणि लोक त्याला नशीब म्हणायचे. या मुलाने मोठेपणी ते नशीब मानायला नकार दिला. आईच्या मृत्यूमुळेच त्यांनी हे काम हाती घेतलं असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण बाळंतपण बाईच्या जिवावर बेतू शकतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं, एवढं नक्की.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे. या विवाहाबद्दल समाजाने कर्वे कुटुंबाला वाळीत टाकलं. आपल्या पटलेल्या गोष्टीसाठी लोकांचा रोष कसा सोसायचा, हे रघुनाथाने घरातच पाहिलं.

शिक्षण आणि नोकरी

रघुनाथ अभ्यासात अत्यंत हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्याचं शिक्षण झालं. आवडता विषय गणित. पुढे गणिताच्या अभ्यासासाठी ते पॅरिसलाही गेले. फ्रेंच भाषा त्यांना चांगली येत होती, त्यामुळे इंग्रजीपलीकडचं युरोपातलं वाचन त्यांना खुलं झालं.

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. चांगला पगार आणि मानाचं पद. पण त्याच काळात ते लोकांसमोर एक वेगळंच गणित मांडू लागले. बाईच्या शरीराला किती बाळंतपणं सोसतात, घरच्या मिळकतीत किती मुलं नीट वाढतात, आणि नको असलेली गर्भधारणा टाळायची तर काय करावं लागतं, हे ते उघडपणे बोलू-लिहू लागले. महाविद्यालयाच्या चालकांना ते रुचलं नाही. प्राध्यापकांना नोकरी सोडावी लागली.

इथे क्षणभर थांबून विचार करा. आपल्यापैकी प्रत्येकाला नोकरीची किंमत ठाऊक आहे. घराचा हप्ता, लोकलचा पास, मुलांच्या फिया. त्यांनी नोकरी सोडली, विषय सोडला नाही.

१९२१ : भारतातलं पहिलं केंद्र

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं. त्याच वर्षी मार्च महिन्यात लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी इंग्लंडमधलं पहिलं केंद्र उघडलं होतं. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या बरोबरीने चालत होती, आणि तेही सरकारी मदतीशिवाय, एका गणिताच्या प्राध्यापकाच्या हिकमतीवर.

या कामात त्यांच्या पत्नी मालतीबाई खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आपल्याला मूल होऊ द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं आणि ते पाळलं. आजही मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवात काय काय ऐकावं लागतं, ते आपण पाहतो. शंभर वर्षांपूर्वी मालतीबाईंनी ते कसं सोसलं असेल, याची कल्पना करा. चरित्र सांगताना रघुनाथरावांबरोबर मालतीबाईंचं नाव घ्यायला विसरू नका.

१९२३ मध्ये त्यांचं संततिनियमनावरचं पुस्तक आलं. पुढे गुप्तरोगांवर, कामशास्त्रावर, आहारशास्त्रावरही त्यांनी लिहिलं. सगळं मराठीत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. इंग्रजी येणाऱ्यांना ही माहिती कुठे ना कुठे मिळत होती. चाळीतल्या, गावातल्या माणसाला ती मिळत नव्हती.

तेव्हा नेमकं काय माहीत होतं?

आता थोडं विज्ञान पाहू. कर्व्यांचं काम नेमकं काय होतं, हे त्याशिवाय कळत नाही.

शुक्रपेशी माणसाने पहिल्यांदा पाहिली १६७७ मध्ये. हॉलंडमधल्या लेवेनहुक यांनी स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकातून शेपटीसारखे वळवळणारे हे जीव बघितले. सस्तन प्राण्यांमधली अंडपेशी सापडायला मात्र १८२७ साल उजाडलं. ती फॉन बेअर या शास्त्रज्ञाने शोधली. दोन शोधांमध्ये दीडशे वर्षांचं अंतर आहे. या दीडशे वर्षांत काही शास्त्रज्ञांची अशीही समजूत होती की सगळं बाळ पुरुषाच्या बीजातच असतं आणि स्त्री फक्त ते वाढवते. आपल्याकडेही पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत असं मानत आलेच आहेत. विज्ञानाने ही समजूत पुरती खोडून काढली आहे. बाळाला अर्धी गुणसूत्रं आईकडून आणि अर्धी बाबांकडून मिळतात.

कर्व्यांच्या उमेदीच्या काळात अंडपेशी महिन्यात नेमकी कधी बाहेर पडते, हेसुद्धा पक्कं ठरलेलं नव्हतं. जपानचे डॉ. ओगिनो यांनी १९२४ च्या सुमारास आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत, आपापल्या अभ्यासातून दाखवलं की पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी अंडपेशी बाहेर पडते. म्हणजे कर्व्यांचं केंद्र सुरू झालं तेव्हा हे ज्ञान जगातच नवं, अर्धवट होतं.

शुक्रपेशींचा प्रवास

आपण बदलापूर-अंबरनाथचे लोक लोकलच्या गर्दीत मुरलेले. म्हणून त्याच भाषेत सांगायचा प्रयत्न करते. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी खच्चून भरते. दादर, ठाणे, डोंबिवली, कल्याण करत रिकामी होत जाते आणि कर्जतला मोजकी माणसं उतरतात. शुक्रपेशींचं असंच काहीसं होतं, फक्त इथे गळती फार मोठी आहे.

सुरुवातीला संख्या कोट्यवधी, बरेचदा दहा कोटींच्याही पुढे. प्रत्येक शुक्रपेशी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. वेग मिनिटाला एक ते चार मिलिमीटर. आणि जायचं असतं सुमारे पंधरा ते अठरा सेंटिमीटर. तिच्या आकाराच्या मानाने हे अंतर तीन हजार पटींहून जास्त आहे.

पहिलं ठिकाण योनीमार्ग. इथे आम्लता असते. सामू साधारण ४ च्या आसपास. दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंच्या जवळचे जिवाणू इथे राहतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. ही आम्लता स्त्रीचं रोगजंतूंपासून रक्षण करते. पण तीच शुक्रपेशींनाही मारक ठरते. वीर्य थोडंसं अल्कधर्मी असल्यामुळे त्यांना थोडा वेळ संरक्षण मिळतं. तेवढ्यात ज्या पुढे सरकल्या त्या वाचतात. बाकीच्या काही तासांतच संपतात.

दुसरं ठिकाण गर्भाशयाचं मुख. इथे एक चिकट स्राव असतो. महिन्यातले बहुतेक दिवस तो घट्ट असतो, जणू बंद दार. अंडपेशी बाहेर पडण्याच्या दिवसांत मात्र संप्रेरकांमुळे तो पातळ, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो आणि दार उघडतं. चांगल्या हालचालीच्या शुक्रपेशी यातून पुढे जातात, वेड्यावाकड्या आकाराच्या बऱ्याचशा अडकतात. म्हणजे निवड इथेच सुरू होते, आणि ती स्त्रीचं शरीर करत असतं.

तिसरं ठिकाण गर्भाशय. स्त्रीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना या बाहेरच्या पेशी परक्या वाटतात, त्या त्यांच्यावर तुटून पडतात. त्याच वेळी गर्भाशयाच्या स्नायूंच्या हलक्या लाटा शुक्रपेशींना वर ढकलायला मदतही करतात. शुक्रपेशी केवळ स्वतःच्या बळावर पोहत जातात, हा समज अपुरा आहे.

चौथं ठिकाण अंडनलिका. इथवर पोचणाऱ्यांची संख्या शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत. अंडनलिकेच्या सुरुवातीच्या भागात त्या आतल्या अस्तराला चिकटून थांबतात. इथे त्यांचा बचाव होतो, आयुष्य वाढतं. त्यामुळे स्त्रीच्या शरीरात शुक्रपेशी साधारण दोन-तीन दिवस, आणि योग्य दिवस असतील तर पाच दिवसांपर्यंतही जिवंत राहू शकतात. याउलट अंडपेशी बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकते. म्हणजे गाठ पडायची तर बरेचदा शुक्रपेशींना आधीच येऊन वाट पाहावी लागते.

आणि सगळ्यात नवलाची गोष्ट पुढेच आहे. ताजी शुक्रपेशी थेट अंडपेशीजवळ नेऊन ठेवली तरी तिला लगेच आत शिरता येत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावर तिच्या बाह्य आवरणात बदल होतात आणि मगच ती त्या कामाला तयार होते. हे १९५१ मध्ये अमेरिकेत काम करणारे चांग आणि ऑस्ट्रेलियातले ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं. तयार झालेली शुक्रपेशी शेपटीचे जोरदार फटके मारत अस्तरापासून सुटते. अंडपेशीभोवतीच्या पेशींमधून येणारं प्रोजेस्टेरॉन तिला चालना देतं. एक आत शिरली की अंडपेशीचं आवरण बदलतं आणि बाकीच्यांना दार बंद होतं.

म्हणजे ही नुसती धावण्याची शर्यत नाही. स्त्रीचं शरीर अडवतं, निवडतं, सांभाळतं आणि तयारही करतं.

या ज्ञानाचा कर्व्यांच्या कामाशी संबंध काय?

सरळ संबंध आहे. त्या काळी जगभर जी साधनं वापरत, त्यांचं तत्त्व या प्रवासातच आहे. पुरुषाने वापरायची रबरी पिशवी, म्हणजे आजचा निरोध, प्रवास सुरूच होऊ देत नाही. स्त्रीने बसवायची रबरी टोपी गर्भाशयाचं मुख झाकते, म्हणजे दुसऱ्या ठिकाणीच रस्ता बंद. विरघळणाऱ्या गोळ्या किंवा मलम शुक्रपेशींना पहिल्याच ठिकाणी मारतं. कर्व्यांकडे आजचं सगळं ज्ञान नव्हतं. तरी दोन पेशींची भेट टाळली की गर्भ राहत नाही, आणि ती टाळणं माणसाच्या हातात आहे, हा मुद्दा त्यांना पक्का समजला होता. तो समजावताना त्यांनी पाप-पुण्याची भाषा वापरली नाही.

अज्ञानाचं नुकसानही याच प्रवासातून दिसतं. नंतर धुऊन टाकलं की काही होत नाही, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही आहे. प्रत्यक्षात काही मिनिटांतच शुक्रपेशी गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरलेल्या असतात. तिथे पाणी पोचत नाही. काही जण दिवस मोजतात, पण शुक्रपेशी पाच दिवस जगू शकते हे त्यांना माहीत नसतं. मग हिशोब चुकतो आणि त्याची किंमत बाई मोजते.

समाजस्वास्थ्य

जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केलं. लिहिणं, संपादन, हिशोब, बराचसा भार त्यांच्या एकट्यावर. पैसा कधी पुरला नाही. तरी जवळजवळ २६ वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी ते चालवलं.

मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. आपल्या शरीराबद्दल, लग्नाबद्दल, आजारांबद्दल घरात कुणाला विचारता येत नाही असे प्रश्न लोक पत्राने विचारायचे. कर्वे सरळ, स्पष्ट उत्तर द्यायचे. प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी खालच्या नजरेने पाहिलं नाही. शिक्षक म्हणून मला त्यांचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो. स्त्रीलाही शरीरसुखाचा हक्क आहे, हे त्यांचं म्हणणं तर त्या काळाच्या फार पुढचं होतं.

विरोध सगळीकडून झाला. सनातनी लोक होतेच. पण महात्मा गांधींचंही मत असं होतं की संततिनियमन संयमाने करावं, साधनांनी नव्हे. ज्यांना सगळा देश मानत होता त्यांच्याही विरुद्ध मत मांडणं सोपं नव्हतं.

खटला आणि डॉ. आंबेडकर

१९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लील लेखनाचा पहिला खटला झाला आणि दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांची मांडणी साधी होती. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. लोकांनी प्रश्न विचारले असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर मिळायला हवं. विकृती घालवायची तर ती ज्ञानानेच जाईल. खटला हरला, कर्व्यांना पुन्हा दंड झाला. पण वकिलाने हात आखडता घेतला नाही. पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही नामंजूर झाला.

बाबासाहेबांची जयंती आपण सगळ्या शाळांत साजरी करतो. त्यांच्या कार्यात हा प्रसंगही सांगायला हवा.

अखेर आणि नंतर

मालतीबाई त्यांच्या आधी गेल्या. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश. ज्या कामासाठी कर्व्यांनी नोकरी गमावली, दंड भरला, तेच काम आता सरकार करणार होतं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथरावांचं निधन झालं. त्यांच्याबरोबर समाजस्वास्थ्यही थांबलं. वडील महर्षी कर्वे तेव्हा हयात होते. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, १९६२ मध्ये ते वारले. मुलाला कुठला किताब मिळाला नाही.

त्यांचं काम मात्र पुढे गेलं. शकुंतलाबाई परांजपे यांनी पुण्यात अनेक वर्षं हे काम केलं आणि पुढे राज्यसभेतही गेल्या. २००१ मध्ये अमोल पालेकर यांनी कर्व्यांच्या जीवनावर ध्यासपर्व हा चित्रपट काढला. शिक्षकांनी एकत्र बसून तो जरूर बघावा.

आणि एक गंमत बघा. शुक्रपेशीला स्त्रीच्या शरीरात तयारी करावी लागते, हे १९५१ चं ज्ञान पुढे मूल हवं असणाऱ्यांच्या कामी आलं. ही तयारी प्रयोगशाळेत करता आली म्हणून १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातही. ज्या प्रवासाच्या ज्ञानाने नको असलेला गर्भ टाळता येतो, त्याच ज्ञानाने हवा असलेला गर्भ राहायला मदतही होते. मूल कधी व्हावं आणि व्हावं की नाही, हे माणसाने समजून ठरवावं, एवढंच कर्व्यांचं म्हणणं होतं.

हे सगळं आज, इथे कशाला?

आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं. तिथे पायऱ्या उतरून गर्भगृहात जावं लागतं. गर्भ हा शब्द आपण देवळात भक्तीने घेतो. घरात मात्र तोच विषय निघाला की टीव्हीचं चॅनल बदलतो.

मुलगी झाली म्हणून आजही सुनेला बोल लावतात. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, शिकलेल्या घरांतही हे चालतं. खरं तर अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्रपेशीत एक्स किंवा वाय असतं. मुलगा होणार की मुलगी, हे शुक्रपेशीवर ठरतं. यात बाईचा काडीचाही दोष नाही, आणि पुरुषाच्याही हातात काही नाही. मूल होत नाही तेव्हाही आधी बाईलाच दवाखान्यात नेतात. शुक्रपेशींची संख्या आणि हालचाल ही पहिली आणि सोपी तपासणी आहे, पण पुरुष ती करायला तयार होत नाहीत. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुणसूत्रांचं हे सगळं आहे. पण तो धडा स्वतः वाचा म्हणून सोडून दिला, तर मुलगा मोठा होऊन तोच बोल आपल्या बायकोला लावणार.

आणि दुसरी गोष्ट फार जड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्यांच्या बाबतीत जे घडलं, ते आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. राग खरा होता. पण राग ओसरल्यावर आपण वर्गात काय बदललं, हा प्रश्न शिल्लक आहे. ज्या मुलाला आपल्या अवयवाचं नावच सांगता येत नाही, त्याला आपल्याबरोबर काय झालं हे कसं सांगता येईल? अवयवाचं नाव उच्चारलं म्हणून ज्याला घरात धपाटा बसतो, तो त्रास झाल्यावर गप्पच बसणार. शाळेत कॅमेरे हवेत, सखी सावित्री समिती हवी, पोलीस पडताळणी हवी. हे सगळं हवंच. पण त्याबरोबर मुलाच्या तोंडात शब्दही हवेत.

२००७ मध्ये शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर महाराष्ट्रासह काही राज्यांत मोठा वाद झाला आणि ते थांबवलं गेलं. तेव्हा भीती अशी होती की सांगितलं तर मुलं बिघडतील. आता आपल्या भागात सकाळी सहाच्या लोकलने आई-बाबा कामाला जातात आणि मुलाच्या हातात फोन राहतो. तो फोन सांगायचं ते सांगतोच आहे, तेही चुकीचं. आपण गप्प राहिलो म्हणून मूल अजाण राहत नाही, फक्त त्याचा शिक्षक बदलतो.

वयानुसार काय सांगता येईल

पहिली-दुसरी : शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावं. माझं शरीर माझं आहे. नको म्हणजे नको. कुणी गुपित ठेवायला सांगितलं तर आई, बाबा किंवा बाईंना सांगायचं. १०९८ हा नंबर पाठ करून घ्यायचा.

तिसरी-चौथी : बाळ जेवण जातं त्या पोटात नसतं, आईच्या गर्भाशय नावाच्या पिशवीत वाढतं. आईची एक पेशी आणि बाबांची एक पेशी मिळून ते तयार होतं. या वयाला एवढं पुरतं.

पाचवी ते सातवी : वयात येताना होणारे बदल. पाळी म्हणजे काय, हे मुलींना आणि मुलांनाही. मुलांना वर्गाबाहेर काढून मुलींना सांगितलं की मुलं त्याची चेष्टा करतात. आवाज फुटणं, मिसरूड, झोपेत वीर्य बाहेर पडणं हे सगळं नैसर्गिक आहे, आजार नाही, हेही मुलांना सांगावं.

आठवी ते दहावी : पुस्तकातला धडा पूर्ण, न लाजता. शुक्रपेशीचा प्रवास फळ्यावर आकृती काढून शिकवता येतो. गुणसूत्रं, संमती, लहान वयातल्या गर्भधारणेचे धोके, पोक्सो कायदा.

पालकांनी एक करावं. मुलाने विचारलं तर लगेच रागावू नका. उत्तर येत नसेल तर बघून सांगते, बघून सांगतो, असं म्हणा आणि खरंच सांगा. शिक्षकांनी वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, आठवड्यातून एकदा उत्तरं द्यायची. समाजस्वास्थ्यमध्ये २६ वर्षं हेच चालत होतं. आपल्याला ते खोक्याच्या एका डब्यात करता येतं, आणि आपल्यावर कुणी खटला भरणार नाही.

येत्या १४ जानेवारीला तिळगूळ वाटून झाला की फळ्यावर रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव लिहा आणि त्यांच्याविषयी पाच वाक्यं सांगा. मुलं विचारतील, ते काय करायचे? लोकांच्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायचे, असं सांगा. त्यापुढे मुलं जे विचारतील, त्याची उत्तरं आपण द्यायची.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या आणि पालकांच्या ग्रुपवर जरूर पाठवा.